पालेर्मोला जाणाऱ्या दोघी

"सही कर इथं. फुली मारलीय ना, तिथं," असं म्हणून ह्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि टोपण काढून पेनही हातात दिलं.

जेवणाच्या टेबलावर सगळीकडे सिसिली बेट पसरलं होतं. नकाशा गुंडाळला जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. शेजारी ह्यांनी स्वतः पट्टीनं आखलेला तक्ता. हे पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या ठरवल्या, कुठल्या गावाला किती तास, कुठली वितरिका कधी बंद. त्याच हातानं आता पालेर्मोचे चार दिवस कापून ठेवले होते. पहिल्या दिवशी राजवाडा आणि त्यातलं सोन्याच्या चित्रांचं प्रार्थनामंदिर, नऊ ते साडेअकरा. दुसऱ्या दिवशी शहराखालचे कनात. हजार वर्षांपूर्वी अरबांनी जमिनीखाली खोदलेले पाण्याचे बोगदे. त्यांच्यासाठीच तर हे शहर निवडलेलं. तिसऱ्या दिवशी डोंगरावरचं मोनरेआले. चौथ्या दिवशी दुपारी चार दहा ते चार चाळीस, 'बाजार – वृंदा'.

म्हणजे मला अख्ख्या पालेर्मोत अर्धा तास. तोही पाणी उरलं तर मिळणाऱ्या शेवटच्या गावासारखा.

आमची मुक्ता मिलानला नोकरी करते. सप्टेंबरात तिच्याकडे जायचं आणि मधले चार दिवस आम्ही दोघांनीच पालेर्मोला, असं ठरलं होतं. साल दोन हजार अकरा. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. ह्यांचा पासपोर्ट निवृत्तीच्याच वर्षी काढलेला. राहिला होता माझा.

"काय बघतेस? सगळं भरलंय मी. नाव, जन्मतारीख, सगळं."

मी फॉर्म बघत होते. नाव : वृंदा जनार्दन सोहनी. खाली एक प्रश्न होता, याआधी आपल्या नावे कधी पासपोर्ट काढला होता का? ह्यांनी 'नाही'च्या चौकोनात बारीक, नेटकी खूण केली होती.

खरं तर पासपोर्ट होता. शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली, नऊ वर्षं पडलेला. तो कुमुद विनायक देवधर या नावाचा होता. म्हणजे माझाच. आणि त्यात ओमानचा एक व्हिसा होता, ज्याबद्दल ह्यांना ओ की ठो माहीत नव्हतं.

"चष्मा आणते," मी म्हटलं.

"चष्मा डोळ्यांवर आहे तुझ्या."

मी पेन खाली ठेवलं. "दूध उतू जाईल," म्हणून स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दूध नव्हतंच. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

खोटी सही करणं अवघड नव्हतं. पण पुढे पोलीस चौकशी, मग जुनं दफ्तर, मग 'बाई, तुमच्या नावावर आधीच एक पासपोर्ट आहे की' हे ह्यांच्यासमोर. आणि ह्यांचा स्वभाव मला माहीत. ठेकेदाराच्या मोजमापात दोन घनमीटर जास्त लिहिले होते म्हणून सख्ख्या मित्राचं बिल परत पाठवलेला हा माणूस. खोट्या कागदापेक्षा ह्यांना साप परवडला. पासपोर्ट दाखवला तर पालेर्मो हातचं जाणार हे उघड होतं. त्याबरोबर आणखी काय काय जाईल, याची मला भीती वाटत होती.

मी शिवणयंत्राचा खण उघडला, पासपोर्ट काढला आणि परत येऊन नकाशावर ठेवला. अगदी समुद्रात.

"हे काय?"

"माझा पासपोर्ट."

ह्यांचा चेहरा आधी उजळला. हेच मला आजवर विसरता आलेलं नाही. "अगं, आहे तुझ्याकडे? मग एवढा फॉर्म कशाला भरायला लावलास? धुमाळला आत्ता फोन करतो." धुमाळ म्हणजे इथल्या, साताऱ्याच्या राजवाड्याजवळचा आमचा प्रवासी एजंट. फोनकडे हात नेता नेता ह्यांनी पासपोर्ट उघडला. सवयीप्रमाणे मागच्या पानापासून.

"वडील विनायक देवधर. आई... पत्ता मिरजेचा, अरुणचा." अरुण माझा भाऊ. "पतीचं नाव..." हे थांबले. "इथं काहीच नाही."

"नाही."

"खोटं लिहिलंस?"

"खोटं नाही. रिकामं सोडलं."

ह्यांनी पानं उलटली. कोरी, कोरी, मग एक रंगीत. मी नकाशाकडे बघत राहिले. ह्यांनी दोनदा वाचलं. मोठ्यानं वाचलं ते फक्त तारखा. "दिला पंचवीस जानेवारी दोन हजार दोन. प्रवेशाची मुदत चोवीस एप्रिल." मग चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "नोकरीचा व्हिसा आहे हा?"

"हो. मस्कतच्या हॉस्पिटलमध्ये. दोन वर्षांचा करार."

"तेव्हा मी कुठं होतो?"

"इथंच. ह्याच खुर्चीत."

ह्यांना काही सांगायला हवं होतं, आणि वाचणाऱ्यालाही सांगायला हवं. मी मिरजेला नर्सिंग केलं होतं. लग्नानंतर साताऱ्यातल्या एका प्रसूतिगृहात नोकरीही होती. चौऱ्याण्णव साली सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि हे म्हणाले, घरातच नर्स असताना बाहेरची कशाला? विनोद केल्यासारखं म्हणाले, आणि मी राजीनामा दिला. सात वर्षं मी त्यांचं केलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही, हे मी अभिमानानं सांगते. त्या गेल्यावर मी पुन्हा नोकरीचं काढलं, तर हे म्हणाले, "आता या वयात? लोक म्हणतील, सोहनींच्या घरात खायला कमी पडलं." तेवढ्यावर विषय मिटला. ह्यांच्यापुरता. मुक्ता पुण्याला वसतिगृहात होती. मी अरुणच्या पत्त्यावर पासपोर्ट काढला. नर्सिंगचं प्रमाणपत्र, शाळेचा दाखला, सगळं कुमुदच्या नावाचंच. वृंदा तर फक्त रेशनकार्डावर, मुक्ताच्या जन्माच्या दाखल्यावर आणि सत्यनारायणाच्या आमंत्रणांवर. लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं ते नाव लिहिलं, पेढे वाटले आणि झालं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. कायद्यानं ते कुणी बदललंच नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"मुक्ताला काय सांगणार होतीस?"

"पत्र लिहून ठेवलं होतं. तिला आणि तुम्हाला."

"मला!" हे उठले. आतल्या कपाटातून दोन हजार दोनची डायरी घेऊन आले. ह्यांच्या डायऱ्या म्हणजे पाऊस किती मिलिमीटर आणि घरी कोण आलं, एवढंच. उभ्याउभ्याच पानं उलटली.

"मग का नाही गेलीस?"

"सासूबाईंचं वर्षश्राद्ध आलं. सतराचं विमान होतं आणि अठराला श्राद्ध. तुमच्या बहिणीचा फोन आला, वहिनी, तू आहेस म्हणून मला काळजी नाही. म्हटलं, ज्यांचं सात वर्षं केलं त्यांचं एवढं शेवटचं करावं."

ह्यांनी ते पान शोधलं आणि वाचलं. वाचायचं नव्हतं ते वाचलं गेलं. "अठरा एप्रिल. आईचं वर्षश्राद्ध. पंधरा पानं. वडे खारट."

मला हसू आलं आणि ते मी दाबलंही नाही. ह्यांनी डायरी मिटली, बोट मात्र आतच ठेवलं.

"हा बदलून घे," अखेर हे म्हणाले. "वृंदाच्या नावानं नवा काढू. राजपत्रात जाहिरात, प्रतिज्ञापत्र, काय लागेल ते करू. सप्टेंबर जमलं नाही तर पुढच्या वर्षी जाऊ."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"पासपोर्ट चांगला आहे. जानेवारीपर्यंत चालतो. मी नाव बदलणार नाही."

सत्तावीस वर्षांत मी ह्यांना इतकं लहान वाक्य कधी ऐकवलं नव्हतं. ह्यांनी बरण्या एकेक करून उचलल्या. नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. हे वेळेवर जेवत, 'मीठ' एवढंच म्हणत आणि मी मीठ सरकवत असे. खारट म्हणायची मात्र हिंमत झाली नसती. तक्ता कपाटावर गेला. तिसऱ्या दिवशी मुक्ताचा फोन आला.

"आई, व्हिसाच्या मुलाखतीची वेळ सोमवारची मिळालीय, असं धुमाळ म्हणाले. बाबा माझ्याशी नीट बोलले नाहीत. भांडलात का?"

"भांडलो नाही गं."

"मग?"

"बोललो," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच.

फोन ठेवला तेव्हा हे दारात उभे होते. "धुमाळ म्हणतो, पासपोर्ट चालेल," हे भिंतीकडे बघत म्हणाले. "मुक्ताच्या दाखल्यावर आईचं नाव वृंदा आहे, पासपोर्टवर कुमुद. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र जोडायचं. तुझी सही आणि माझी. आज शुक्रवार आहे, आजच करायला हवं."

"मग जायचंय आपण?"

"पोरीला कळवलंय आपण," हे म्हणाले. ते काही उत्तर नव्हतं.

स्कूटरवर मागं बसून कोर्टात गेले. नेहमी खांद्यावर हात ठेवते, त्या दिवशी मागच्या स्टेपनीला धरून बसले. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली टंकलेखक ओळीनं बसतात. धुमाळनं सांगितलेले बागवान सगळ्यांत शेवटी. साठीचे, मेंदी लावलेली दाढी. अशी प्रतिज्ञापत्रं त्यांना तोंडपाठ. नोटरी कणसे मॅडम शेजारीच खुर्ची टाकून बसलेल्या. पुढे वही, शिक्का आणि अर्धा राहिलेला चहा.

"लगीन झालेल्या बायांचं रोजचंच हाय हे," बागवान म्हणाले. "कुणाचं माहेरचं नाव, कुणाचं सासरचं. द्या कागद." पाच मिनिटांत त्यांनी कागद काढून मोठ्यानं वाचला. "आम्ही खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, कुमुद विनायक देवधर आणि वृंदा जनार्दन सोहनी ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून, सदर व्यक्ती एकच आहे. बराबर?"

"बरोबर," कणसे मॅडमनीच म्हटलं. "सोहनी साहेब, तुम्ही आधी करा सही."

ह्यांनी पेन घेतलं. कागद हातात धरला. पुन्हा वाचला. मग पेनाला टोपण लावलं.

"मी नाही करणार."

"काय झालं? काही चुकलंय का?"

"शपथेवर आहे हे. मला माहीत नसलेलं मी शपथेवर लिहीत नाही." हे मॅडमशी बोलत होते. "वृंदाबरोबर मी सत्तावीस वर्षं राहतोय. ह्या कुमुद देवधर कोण, मला ठाऊक नाही. आजवर भेटलेल्या नाहीत."

बागवानांचे हात यंत्रावरच राहिले. शेजारच्या टंकलेखकानंही मान वळवली. माझे कान तापले. चारचौघांत, आणि तेही शपथेच्या कागदावर! वाटलं, उठावं आणि थेट एसटी स्टँड गाठावं.

"साहेब, घरचं घरी बघा," मॅडम हळूच म्हणाल्या. "इथं फक्त सही."

"एक विचारतो. मग करतो किंवा नाही करत." हे माझ्याकडे वळले. तीन दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "श्राद्ध अठराला झालं. व्हिसा चोवीसपर्यंत होता. मधे सहा दिवस होते. एकवीस तारखेला डायरीत आहे, वृंदा मिरजेला, जेवण खानावळीत. तेवीसला वृंदा परत. तू मिरजेला गेली नव्हतीस."

तीन दिवस हे हेच मोजत बसले होते तर. मी श्राद्धाचं सांगितलं होतं, ते खरंच होतं. पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी अरुणलाही सांगितलेलं नव्हतं.

"मुंबईला गेले होते," मी म्हटलं. "विमानतळावर. नोकरीच्या एजन्सीनं पुन्हा बावीसचं तिकीट करून दिलं होतं."

"मग?"

"आम्ही सात जणी होतो. बाहेरच्या हॉलमध्ये बाकांवर बसलेल्या. एजन्सीचा माणूस यादी घेऊन आला. ज्याच्याशी बोलणं झालं होतं तो नव्हता, दुसराच. एकेकीचं नाव घ्यायचा, ती उठायची, तिला तिकीट द्यायचा. माझं नाव घेतलं. कुमुद देवधर. मी समोरच होते, ह्या बागवानांइतकी जवळ. पुन्हा घेतलं. कुमुद देवधर आल्यात का?"

"ऐकू आलं नाही?"

"आलं की. कळलंसुद्धा. पण उठवेना." आता थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते. "अठरा वर्षांत त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. अरुण ताई म्हणतो. आईवडील कधीच गेले. मला वाटलं, ही कुमुद कोण? तिला सुई टोचता येते, रात्रपाळ्या करता येतात, परदेशात एकटं राहता येतं. ती कुणीतरी दुसरी असणार. मी तर वड्याचं पीठ भिजवून आलेली बाई. तिसऱ्यांदा नाव घेतलं, मग त्यानं यादीवर काट मारली. सहा जणी आत गेल्या. मी बघत बसले."

कणसे मॅडमनी चहाचा कप उगाच बाजूला केला.

"खरं सांगू?" मी म्हटलं. "वृंदा म्हणून हाक मारली असती ना, तर उठून गेले असते. आणि परत आले असते की नाही, ते मला माहीत नाही. तेव्हा तुमचं बरोबर आहे. दोघी एक नाहीत. नका करू सही."

ह्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. रागावले असते तर बरं झालं असतं, मला रागाची सवय होती. हे नुसते कागदाकडे बघत उभे होते. मग बाकावर माझ्या शेजारी बसले. ह्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला, तो ह्यांनी मागे घेतला नाही.

"बागवान," हे म्हणाले, "खाली एक ओळ वाढवा."

"बोला."

"लिहा, लग्नाच्या वेळी सदर नाव आम्ही बदलले. बदलताना तिला विचारले नव्हते."

बागवानांनी मॅडमकडे पाहिलं. "साहेब, असलं न्हाई लिहीत हो प्रतिज्ञापत्रात. त्या इटलीवाल्यांला काय करायचंय त्याचं?"

"शपथेवरच लिहायचंय ना? मग खरं आहे ते लिहा. नाही तर मी सही करत नाही."

मॅडमनी मान हलवली. यंत्र खडखडलं. ती ओळ उमटताना मी डोळ्यांनी वाचली आणि मला रडू फुटलं. आवारातली माणसं बघत होती, बघू दे म्हटलं. ह्यांनी सही केली, लफ्फेदार, मोजमाप पुस्तकात करायचे तशी. मग कागद माझ्याकडे आला.

"बाईंच्या सहीच्या खाली नाव टाकायचं ऱ्हायलं," बागवान म्हणाले. "काय टाकू? कुमुद का वृंदा?"

ह्यांनी सवयीनं तोंड उघडलं. लगेच मिटलं. आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय लिहायचं?"

मी पदरानं डोळे पुसले. उत्तर तयार होतं. पण मी मुद्दामच लगेच दिलं नाही. थांबू दिलं त्यांना जरा वेळ.